उपासाचं दळण

आमच्या घरात शांतता आली ती मी नववीत गेले त्या जूनमध्ये. त्याआधी ती कधी आली नव्हती आणि आम्हाला तिची गरजही पडली नव्हती. पुढे पिठाची गिरणी, मागे घर, मध्ये एक विटांची भिंत आणि त्या भिंतीतल्या दाराला लावलेला फुलाफुलांचा पडदा, असं आमचं नांदेडच्या बाजूच्या गोरेगावातलं बिऱ्हाड. लाईट आली की बाबा मोटर चालू करायचे, पट्टा दोन-चार वेळा फटफट करून सुरात यायचा, आणि मग भिंत, भिंतीवरच्या मांडणीतली ताटं, पाण्याचे पेले, सगळं एकदम थरथरायला लागायचं. पातेल्यातल्या दुधावर बारीक लाटा उठायच्या. आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो. पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याला वाटायचं, आपण नेमके भांडणाच्या वेळी आलो. मध्येच लाईट गेली तर आईचं अर्धं वाक्य त्या अचानक पडलेल्या शांततेत उघडं पडायचं आणि दळणाला उभ्या असलेल्या बायांना आमच्या भाजीत आज मीठ जास्त झालंय हे कळायचं.

मी अभ्यास करायचे तो गिरणीतच. कोपऱ्यात गव्हाचं एक पोतं कायम आडवं असायचं, त्यावर बसून, पाठ थरथरत्या भिंतीला टेकवून. पाढे तिथंच पाठ केले, इंग्रजीची स्पेलिंगं तिथंच घोकली. वहीवर पीठ बसायचं, ते फुंकून पुढचं गणित सोडवायचं. शाळेतल्या बाई माझी वही हातात घेतली की आधी झटकायच्या. आता माझे केस त्या वेळच्या बाबांच्या केसांसारखे पांढरे झालेत, फरक इतकाच की बाबांचे संध्याकाळी टॉवेलनं झटकले की काळे व्हायचे.

खाण्यापिण्यात आम्ही गावातल्या कुठल्याही मोठ्या घराच्या तोडीचे होतो असं मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं. गिरणीतून निघालेलं ज्वारीचं पीठ हाताला गरम लागतं. तसल्या गरम पिठाची भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याला भाकरी म्हणजे काय ते कळलेलं नाही, असं मी माझ्या शहरातल्या मैत्रिणींना तोंडावर सांगत आले आहे. रोज शेवटी गिरणीच्या पोटात थोडं थोडं सगळ्यांचं पीठ उरायचं, ज्वारीचं, गव्हाचं, कुणाच्या हरभऱ्याच्या डाळीचं. आई ते झाडून, चाळून घ्यायची, त्यात हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर वाटून घालायची आणि तव्यावर धिरडी टाकायची. अख्ख्या गावाचं पीठ त्या एका धिरड्यात असायचं. आई म्हणायची, "खाऊन घे, असं पंचपक्वान्न तालुक्याला न्हाई भेटत."

अख्ख्या गावाचं म्हटलं खरं, पण त्यात एक पीठ कधीच नसायचं. आमचं घर बौद्धांचं. आजोबांनी गिरणी टाकली तेव्हा सुरुवातीला फक्त आमच्या वस्तीतली दळणं यायची. गावात दुसरी गिरणी विठ्ठलरावांची, वेशीच्या बाजूला, आमच्या आधीपासूनची. पण आमचं पीठ बारीक निघायचं, जीपा थांबतात तिथून आम्ही जवळ होतो, आणि आजोबा कुणाचं मूठभरही पीठ मारत नाहीत अशी ख्याती हळूहळू पसरली. मग एकेक करून सगळ्या गावाची ज्वारी आमच्याकडे आली, गहू आला, लग्नाकार्याची पोती आली. आली नाही ती उपासाची भगर आणि राजगिरा. एकादशी, शिवरात्र, नवरात्र जवळ आलं की त्याच बाया, ज्या आदल्या दिवशी आमच्या पायरीवर बसून आईशी तासभर गप्पा मारून गेलेल्या असायच्या, त्या भगरीचा डबा पदराखाली घेऊन आमच्या दारावरून विठ्ठलरावांकडे जायच्या. कारण विचारायची पद्धत नव्हती. लहानपणी मी एकदा कावेराबाईला विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "तुमच्यात उपास न्हाईत ना बाई, तुमच्या मशीनला सवय न्हाई." मला ते खरं वाटलं. मी बाबांना जाऊन सांगितलं की आपण मशीनला सवय लावू. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावरचं पीठ झटकलं आणि कामाला लागले.

ही कावेराबाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, मजुरीला जाणारी बाई. तिचा आवाज गिरणीच्या वर ऐकू यायचा. तिच्याकडे वर्षाची ज्वारी साठवलेली नसायची, त्यामुळे तिचं दळण दोन-तीन दिवसांनी, लहानशा डब्यातून, आणि नेहमी संध्याकाळी. शेतातून परत आल्यावर डबा घेऊन यायची, दळण होईस्तोवर पायरीवर बसून पायातले काटे काढायची, आणि गरम पीठ घेऊन जाऊन भाकऱ्या टाकायची. तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. संध्याकाळची गिरणी ही अशा बायांची गिरणी होती.

आता शांततेकडे येते. माझा मामा नांदेडला एका ऑफिसात क्लार्क होता. आमच्या नात्यात पहिला पँट-शर्ट इस्त्री करून घालणारा माणूस, त्यामुळे त्याचा शब्द आमच्या घरात खाली पडायचा नाही. आठवीत माझा शाळेत पहिला नंबर आला आणि मामानं जाहीर केलं की मी डॉक्टर होणार. याला माझी हरकत नव्हती. मलाही व्हायचंच होतं. गावातल्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांच्या समोर गावातली मोठमोठी माणसं जीभ बाहेर काढून बसायची, हे मला फार आवडलं होतं. पण मामा म्हणाला की नुसतं व्हायचं म्हणून होत नसतं. मेडिकलला नंबर लागायचा तर बारावीत जागं होऊन उपयोग नाही, अकरावीतही नाही, आजकाल पोरं नववीपासून फाउंडेशन करतात. नांदेडच्या एका क्लासमध्ये फाउंडेशनची पहिली बॅच म्हणजे निवडक पोरांची, तिथं चाळणी परीक्षा असते. त्या बॅचमध्ये बसली की अर्धं मेडिकल झालं समजा. बाबांनी फाउंडेशन हा शब्द तेव्हापर्यंत फक्त घराच्या पायासाठी ऐकला होता. त्यांना तो लगेच पटला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्या क्लासचे एक सर आमच्या शाळेत मार्गदर्शन करायला आले आणि मामा त्यांना घरी घेऊन आला. सर वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. स्वतः खेड्यातून शिकून आलेले, बोलायला गोड. गिरणी चालू होती. ते रुमाल नाकाला लावून उभे राहिले, पोत्यावर बसलेली मी, माझी पिठानं माखलेली वही, सगळं बघितलं आणि बाबांच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडले, "या आवाजात ही मुलगी शिकूच शकत नाही!" बाबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मोटर बंद केली. सर म्हणाले, "हेच. हेच पाहिजे. रोज संध्याकाळी तीन-चार तास अशी शांतता. मेंदूला वातावरण लागतं. आणि पुढं-मागं नांदेडलाच आणा, इथं नाही व्हायचं."

मी पोत्यावरूनच म्हणाले, "पण सर, मी इथंच शिकून पहिली आले." सर हसले आणि मामाला म्हणाले, "हुशार आहे." माझ्या बोलण्याला मिळालेलं उत्तर एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून दिवस कलला की गिरणी बंद. बाबांनी गिऱ्हाइकांना हात जोडून सांगितलं की पोरगी मोठ्या परीक्षेला बसून राहिली, संध्याकाळचं दळण दुपारीच आणून ठेवा. पोत्यावरची माझी जागा गेली. मला आतल्या खोलीत टेबल-खुर्ची मिळाली, समोर घड्याळ टांगलं गेलं. आईनं फोडणी द्यायची ती दार लावून. बाहेर कुणी आलं की बाबा ओठांवर बोट ठेवायचे. गल्लीत माझं नावच डॉक्टरीण पडलं. संघमित्रा हे नाव आणि त्याचं घरातलं मित्रू, दोन्ही मागं पडली. माणसं मला रस्त्यात जागा करून द्यायला लागली. नववीतल्या पोरीला! एखाद्या आजाऱ्याला जपावं तसं सगळं गाव मला जपत होतं.

आणि मला एक अक्षर उमजेना. भिंतीला पाठ टेकवली तर भिंत मेल्यासारखी गार. घड्याळाची टिकटिक, पंख्याची कुरकुर, शेजारच्या शमीमचाचीच्या बांगड्यांची पेटी उघडल्याचा आवाज, सगळं येऊन पुस्तकावर बसायचं. गिरणी चालू असताना मला फक्त माझं डोकं ऐकू यायचं, आता माझ्याखेरीज सगळं ऐकू यायला लागलं. मामा दर आठवड्याला क्लासच्या सराव चाचण्या पाठवायचा, त्यात मी खाली खाली गेले. मी बाबांना सांगितलं, गिरणी चालू करा. बाबांनी मामाला विचारलं, मामानं सरांना विचारलं, आणि उत्तर आलं की वातावरण अजून पुरेसं शांत झालेलं नाही. हे उत्तर ऐकून मला पहिल्यांदा खरा राग आला. औषधानं ताप वाढला तर औषध दुप्पट करणारा डॉक्टर मी पुढे पुष्कळ वेळा पाहिला, त्यातला पहिला मला नववीत भेटला.

त्या शांततेनं मला एक गोष्ट मात्र ऐकवली. भादव्यातली संध्याकाळ होती. आई आणि बाबा पलीकडे बंद गिरणीत बसून हळू आवाजात बोलत होते. गिरणी चालू असती तर मला शब्दही कळला नसता. बाबा म्हणत होते, विठ्ठलराव मशीन घ्यायला तयार आहेत, मोटरीसकट. दिवाळीनंतर परीक्षा झाली की नांदेडला खोली करू. तिथं एका अपार्टमेंटमध्ये वॉचमनचं काम आहे, मामा बोलून राहिला. आई म्हणाली, "अन् गावाचं दळण?" बाबा म्हणाले, "विठ्ठलराव हायेत की." माझ्यासमोर विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं. आजोबांनी उभी केलेली, सगळ्या गावाची ज्वारी खेचून आणलेली गिरणी, माझ्या एका नंबरासाठी, ज्यानं ती बंद पडायची कायम वाट बघितली त्याच माणसाच्या घरात जाणार होती. आणि बाबा दुसऱ्याच्या दारात काठी घेऊन बसणार होते. ते काम हलकं नाही, पण बाबांचं नव्हतं. मी त्या दिवशी रडले नाही. मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते मात्र कळत नव्हतं.

ते कळलं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. दोन दिवस आधी वेशीकडची डीपी जळाली होती आणि त्या बाजूच्या अर्ध्या गावाची लाईट गेली होती. विठ्ठलरावांची गिरणी बंद. आमच्या बाजूला लाईट होती, पण संध्याकाळ असल्यामुळे आमचीही गिरणी बंद. त्यात मामा आणि सर त्याच दिवशी आलेले. परीक्षा पुढे असली तरी होस्टेल, खोली, शाळा बदलणं, हे सगळं आताच पक्कं करायचं म्हणून. आत बाजेवर बसून चहा चालला होता आणि मला टेबलाशी बसवून ठेवलं होतं, अभ्यास करताना दिसावी म्हणून. तेवढ्यात बाहेर गलका झाला. बाबा गडबडीनं गेले आणि ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. पायरीवर, पायरीखाली, रस्त्यापर्यंत बाया उभ्या होत्या. आणि प्रत्येकीच्या हातात भगरीचा नाहीतर राजगिऱ्याचा डबा होता.

"उद्या घट बसतात," कुणीतरी म्हणालं. "नऊ दिवसाचे उपास हायेत. थोडं थोडं दळून द्या."

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "पोरीचा अभ्यास चालून राहिला. आत सर आलेत. सकाळी लाईट राहिली तर पयलं तुमचंच."

"सकाळी लाईट राहिली तर," कावेराबाई म्हणाली. तिला दबका आवाज नव्हताच. "पोरगी डॉक्टर व्हईल तवा व्हईल, आमी उद्या काय खावं? चार महिने झाले, संध्याकाळी तुमचं दार बंद. मी दुपारी कुठून आणू दळण? दुपारी मी लोकाच्या वावरात असते."

ती बरोबर बोलत होती. मी खुर्चीवरून उठले. मामा म्हणाला, "मित्रू, बस." मी पडदा सारून गिरणीत गेले. हातात विज्ञानाचं पुस्तक तसंच होतं. बायांना मी चांगली ओळखत होते, त्यांच्या ज्वारीच्या पिठाची धिरडी खाऊन मोठी झाले होते. मी विचारलं, "काय आणलं?"

"भगर हाय," एक जण म्हणाली.

"आमच्या मशीनला उपासाची सवय कवा लागली?"

एकदोघींनी डबा पदराखाली ओढला. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मित्रू, आत जा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, आणि आमचं गिऱ्हाईक त्या न विचारण्यावरच टिकलं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. तरी मी आत गेले नाही.

शेवटी कावेराबाईच बोलली. "तिकडं लाईट न्हाई म्हणून आलो. खोटं काहून बोलू?"

"मग दळून देते," मी म्हणाले. "मशीन उघडून, झाडून, पुसून देते. तुमच्या समोर. पण तिकडची लाईट आली तरी हे दळण इथंच आणायचं. न्हाईतर आजच डबे घेऊन जा."

"पोरीची जीभ बघा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी खरंच वळल्या. पण जायचं कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. कावेराबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिनं तिचा डबा पुढे सरकवून पायरीवर ठेवला आणि बसली. तिच्यामागे बाकीचे डबे आले.

उपासाचं दळण दळायचं म्हणजे मशीनमध्ये धान्याचा कण राहता कामा नये. मी वरचं झाकण काढलं, ब्रशनं दगड झाडले, कोरड्या फडक्यानं पुसले, पीठ पडतं तिथली कापडी पिशवी काढून धुतलेली दुसरी बांधली. बाया एकटक बघत होत्या. पिशवीची गाठ मला नीट बसेना. तेव्हा बाबा पुढे आले. त्यांनी गाठ बांधली, बारीक दळायचं चाक फिरवून बसवलं, आणि बटणाकडे हात नेला. मी म्हणाले, "मी." ते बाजूला झाले. मी मोटर चालू केली. पट्टा फटफटला, सुरात आला, आणि आतल्या मांडणीतली ताटं कितीतरी दिवसांनी वाजायला लागली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, आणि ते कुणालाच ऐकू आलं नाही.

सर कानावर हात ठेवून पडद्यातून बाहेर आले. "बेटा, ही तुझी अभ्यासाची वेळ आहे!"

"चालूच आहे सर!" मी ओरडले आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "विचारा!"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. पण मामा बघत होता, बाया बघत होत्या, म्हणून त्यांनी विचारलं. पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांना ओरडून विचारावं लागलं. गतीच्या धड्यातलं होतं. मी भगर ओतता ओतता ओरडून उत्तर दिलं. दुसरं विचारलं, तेही आलं. तिसरं चुकलं. तेही मोठ्यानं चुकलं, आणि कावेराबाईला त्यातलं काही कळत नसूनही ती म्हणाली, "बराबर हाय! लिहून घ्या!" सगळ्या बाया हसल्या. सरसुद्धा हसले. मामा एकटा हसला नाही.

दळणं संपून बाया गेल्यावर मामानं मला धरलं. मोटरीच्या वर, भिंतीवर, निळ्या कोटातली तसबीर होती. आई तिच्यावरचं पीठ रोज सकाळी पुसायची. मामा तिच्याकडे हात करून म्हणाला, "त्यांनी शिका म्हणून सांगितलं आपल्याला. आणि तू त्यांच्यासमोर दळण दळते?"

"शिका म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "गिरणी विका म्हणून न्हाई सांगितलं."

मग बाबांकडे वळून एका दमात सगळं सांगितलं. मला सगळं ऐकू आलंय. परीक्षेला मी बसणार, नंबरही काढीन. पण गिरणी विकली तर पेपरवर नाव लिहून उठून येईन, पुढं एक अक्षर लिहिणार नाही. आणि शिकीन ती इथंच, पोत्यावर, गिरणी चालू ठेवून. बाबा खाली मान घालून पट्ट्यावरचं पीठ झटकत होते. आई पडद्यात उभी होती. ती म्हणाली, "मला नांदेडला जायाचंच नव्हतं. कुणी विचारलंच न्हाई." एवढं बोलून ती धिरडी टाकायला गेली. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या धिरड्यात भगरीचं पीठ होतं. जरा जास्तच कुरकुरीत झाली होती.

गिरणी विकायची नाही, असं बाबांनी विठ्ठलरावांना कळवलं. दिवाळीनंतर मी नांदेडला जाऊन परीक्षा दिली, आणि फाउंडेशनच्या पहिल्या बॅचमध्ये माझं नाव लागलं. आम्ही गेलो नाही. मामा वर्षभर आमच्याशी धड बोलला नाही. सरांनी मात्र जुन्या पोरांच्या नोट्सचा एक गठ्ठा जीपवाल्याच्या हाती पाठवून दिला. वर लिहिलं होतं, पीठ लागू देऊ नकोस. मी भरपूर लावलं.

इथंवर वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असणार, हे मला ठाऊक आहे. पुढं मेडिकलला नंबर लागला का? लागला, पण पहिल्या खेपेला नाही. पहिल्या खेपेला हुकला तेव्हा मामा घरी येऊन बसला आणि म्हणाला, बघ, तेव्हा ऐकलं असतं तर. दुसऱ्या खेपेला लागला तेव्हा तोच म्हणाला, मी म्हटलंच होतं. हा हिशोब मला मान्य नाही. नंबर कधीच लागला नसता तरी त्या संध्याकाळी मी मोटर चालू केली ते बरोबरच होतं. आज माझ्याकडे येणारे आईबाप सहावीतल्या पोरांना घेऊन येतात. पोराला झोप लागत नाही, भूक लागत नाही, आणि पोरासाठी आपण काय काय बंद केलं ते अभिमानानं सांगतात. टीव्ही बंद, पाहुणे बंद, गाणी बंद. मी त्यांना विचारते, चालू काय ठेवलंय? त्यांना वाटतं डॉक्टरीणबाई चिडक्या आहेत. आहेच मी.

पण खरी परीक्षा मेडिकलची नव्हती. ती महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी होती. औंढ्याची यात्रा भरली होती, जीपा भरभरून चालल्या होत्या. वेशीकडे नवी डीपी बसून महिने झाले होते आणि विठ्ठलरावांची गिरणी दणक्यात चालू होती. आमच्याकडे दुपारपासून ज्वारी आली, गहू आला. भगर नाही. मी पोत्यावर पुस्तक घेऊन बसले होते आणि दर ओळीला रस्त्याकडे बघत होते. नवरात्रातल्या त्याच बाया पदराखाली डबा धरून आमच्या दारावरून गेल्या. एकीनं माझ्याकडे बघितलं आणि चाल वाढवली. शमीमचाची त्यांच्या दारातून सगळं बघत होत्या, त्या म्हणाल्या, "जाने दे बेटा." मला राग आला, वाईटही वाटलं. दिवस कलला तरी मी मशीन झाडून, पुसून, धुतलेली पिशवी बांधून तयार ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "बाई, नको वाट बघू. लोकं बदलत नसतात इतक्या लवकर." मी म्हणाले, "मशीन तयार राहू द्या."

अंधार पडायच्या बेताला कावेराबाई आली. शेतातून थेट, पाय मातीनं भरलेले. डबा पदराखाली नव्हता, डोक्यावर होता, भर रस्त्यातून सगळ्यांना दिसेल असा. एकटीच होती. तिनं डबा पायरीवर आपटला आणि बसून पायातला काटा शोधायला लागली. झाकण उघडून बघितलं तर भगर. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"तिकडं लाईट आहे, मावशी," मी म्हणाले.

तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"म्हाईत हाय मला, लाईट हाय ते," ती म्हणाली. "चालू कर."